सोनटक्केचं कुलूप

माधव सोनटक्के गेला हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तो गेला शुक्रवारी पहाटे, झोपेत, आणि माझा त्याच्याकडे जायचा वार रविवार. नेहमीप्रमाणे दहाच्या सुमाराला संत तुकाराम नगरहून बसने निघालो, डांगे चौकात उतरलो, त्याच्यासाठी अर्धा डझन वेलची केळी घेतली आणि थेरगावातल्या त्याच्या इमारतीचे दोन जिने चढून बेल वाजवली. दार स्नेहलने, त्याच्या मुलीने उघडलं. ती बंगळुरूला नोकरी करते, वर्षातून दोनदा येते. तिला दारात बघून मी खुशीत म्हणालो, "अरे वा, कधी आलीस? बापानं पत्ता लागू दिला नाही." ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्हाला कुणीच कळवलं नाही?" ... तिच्या मागे, हॉलमध्ये, खुर्चीवर ठेवलेला फोटो मला तेव्हा दिसला.

मला आधी रडू आलं नाही, राग आला. उदगीरहून चुलतभाऊ आले होते, खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू खांदा देऊन आले होते, सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांचे हात जोडून झाले होते. आणि ज्या माणसाबरोबर त्याने सव्वीस वर्षं नोकरी केली, निवृत्तीनंतर एक रविवार चुकवला नाही, तो मी केळी घेऊन दारात उभा. स्नेहलची काही चूक नव्हती. अशा वेळी नातेवाइकांची यादी कुणीतरी भराभर करतं, मित्राचं नाव कुणाच्या यादीत बसत नाही. हे सगळं मला आज समजतं. त्या दिवशी मात्र मी तिच्याशी धड बोललोही नाही. पिशवी मांडीवर घेऊन अर्धा तास बसलो, कुणीतरी दिलेलं पाणी प्यालो आणि उठून आलो. केळी परत घरी आणली. मी एकटा राहतो, लग्न केलं नाही, आणि अर्धा डझन केळी एकट्या माणसाला फार होतात.

आता सहा आठवडे होऊन गेलेत. रविवारी सकाळी पाय अजून आपोआप बसथांब्याकडे वळतात, म्हणून हे लिहायला बसलो आहे. आणखीही एक कारण आहे, ते शेवटी येईल.

आम्ही दोघं चाकणच्या एका कंपनीत होतो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या. मी इन्स्ट्रुमेंट विभागात, म्हणजे सेन्सर, रिले, वायरी. तो मेन्टेनन्सचा फिटर, आणि कारखान्यात हवेवर जे जे चालतं ते सगळं त्याच्याकडे. ओळख झाली ती माझ्या एका गाढवपणातून. मी नवा होतो आणि मला फार कळतं असा माझा समज होता. हवेच्या दाबावर वर-खाली होणारं एक मोठं टेबल होतं. सोनटक्केने त्याच्या व्हॉल्व्हला लाल कुलूप घालून पाटी अडकवली होती, 'माणूस काम करतोय, चालू करू नये', खाली त्याचं नाव आणि फोटो. मला त्याच टेबलाचा सेन्सर तपासायचा होता, सुपरवायझर डोक्यावर बसला होता. मी कुलपाला हात लावला नाही. शेजारच्या लाइनीतून एक नळी ओढली आणि टेबलाला हवा दिली. टेबल चारेक बोटं खाली आलं आणि खालून सळईचा ठणकन आवाज आला. सोनटक्के टेबलाखाली होता, आत शिरताना त्याने आधाराला सळई लावून ठेवली होती, म्हणून वाचला. तो सरपटत बाहेर आला, कपडे झटकले. आता हा माझ्या कानाखाली काढणार, असं मला वाटलं.

"कुलूप दिसलं न्हाई का?" त्याने विचारलं.

"दिसलं," मी म्हणालो.

"नाव काय तुझं?"

"कदम."

त्याने तक्रार केली नाही. मला हाताला धरून स्टोअरमध्ये नेलं आणि स्टोअरकीपरला म्हणाला, "ह्या कदमच्या नावाचं एक कुलूप काढा. आजपासून हे माझ्या शेजारी लागल." बाहेरच्या माणसाला ही पद्धत सांगायला हवी. यंत्रावर काम करणारा प्रत्येक जण यंत्राच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावतो. त्याची किल्ली एकच, आणि ती त्याच्याच खिशात. दोघं काम करत असतील तर भोकं असलेली एक लोखंडी कडी असते, तिच्यात दोघांची दोन कुलपं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत यंत्राला वीज नाही, हवा नाही. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, मग प्रत्यक्ष मालक येऊन उभा राहिला तरी. त्या दिवसापासून सव्वीस वर्षं आमची कुलपं शेजारी शेजारी लागत गेली. माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या नावाशेजारी माझं नाव इतकी वर्षं लागलेलं नाही.

सोनटक्केचा कान हा कंपनीत चेष्टेचा विषय होता. कँटीनमध्ये तोंडात घास असताना तो एकदम थांबायचा. "हवा जायलीय कुठंतरी." शंभर माणसांच्या गलक्यात, भांड्यांच्या आवाजात, याला तीन भिंतींपलीकडची गळती ऐकू यायची. मग जेवण टाकून साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन निघायचा, जोडांवर पाणी शिंपडायचा आणि बुडबुडे आले की त्याच्या चेहऱ्यावर मोठं समाधान यायचं. मी चिडवायचो, "अरे, हवाच आहे ना, जाऊ दे की." तो म्हणायचा, "कदमराव, हवा दिसत न्हाई म्हणून लोक जाऊ द्यायलेत." यावर मी विषय बदलायचो. मला बोलण्यात हरायला आवडत नाही.

त्याच्या घरी बोलण्याचं खातं सुलभावहिनींकडे होतं. त्या बालवाडीत शिकवायच्या, त्यामुळे मोठ्या माणसांशीही हळू आणि स्पष्ट बोलायची त्यांना सवय होती. रविवारी मी गेलो की न विचारता तिसरं ताट मांडायच्या आणि म्हणायच्या, "भाऊजी, तुम्ही आणि हे, दोघांनी मिळून आठवडाभरात जेवढे शब्द वापरले तेवढे मी सकाळपासून संपवलेत." आम्ही निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत वहिनींना झटका आला. उजवी बाजू गेली, आणि बोलणंही गेलं. राहिले ते तीनच शब्द, हां, नको आणि बास. तेसुद्धा कधी यायचे, कधी ओठांवर येऊन अडायचे. सगळं समजत होतं, डोळ्यांत दिसायचं, फक्त बाहेर येत नव्हतं. ते घर एवढं शांत मी कधी पाहिलं नव्हतं.

आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामासाठी पिंपळे गुरवला न्यावं लागायचं. रिक्षाची पायरी त्यांना जमेना. लहान गाडीत बसता यायचं, पण सीट इतकी खाली की उठताना दोघांनी ओढून काढावं लागायचं, आणि त्या ओढाताणीत त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. सोनटक्केने काय केलं, पलंगाच्या पायांखाली विटा लावायला सुरुवात केली. एकेक वीट वाढवत गेला. ज्या उंचीवरून वहिनी कुणाचा हात न धरता, नुसत्या वॉकरच्या आधाराने उठू शकल्या, त्या उंचीची एक काठी कापली. ती काठी घेऊन तो महिनाभर जुन्या गाड्यांचे बाजार पालथे घालत होता. मोशी, भोसरी, वाकड, कुठे कुठे आम्ही गेलो. तो दार उघडायचा आणि काठी सीटला लावायचा. विकणारे विचारायचे, "काका, इंजिन नाही का बघत?" तो म्हणायचा, "इंजिन बघतो की. आधी हे बसू द्या."

काठी बसली ती एका जुन्या, परदेशी बनावटीच्या मोठ्या गाडीला. तिला स्प्रिंगच्या जागी हवेचे चार रबरी फुगे होते आणि त्यांत हवा भरणारा एक छोटा कंप्रेसर. बटण दाबलं की गाडी माणसाला चढता यावं म्हणून खाली बसायची आणि दार लावून निघालं की आपणहून वर उठायची. सोनटक्के तिच्या प्रेमातच पडला. हवेवर चालणारी गाडी, त्याला आणखी काय हवं? मी नाक मुरडलं. पंधरा वर्षांची गाडी, तिच्यातली इलेक्ट्रॉनिक्स कधीही रडायला लागतील, असं मी स्पष्ट सांगितलं. तसंच झालं. चार महिने ठीक चालली, आणि एका सकाळी गाडी पार्किंगमध्ये पार पोटावर बसलेली. एक सेन्सर बिघडला होता, आणि गाडीचा कंट्रोलर इतका शहाणा की एवढी शंका येताच त्याने कंप्रेसरच बंद करून टाकला. कंप्रेसर चांगला होता, फुगे चांगले होते, पण चालू करायची परवानगी नव्हती. गॅरेजवाल्याने सगळा संचच बदलावा लागेल असं सांगितलं आणि तो कधी मिळेल हे मात्र सांगितलं नाही. तिकडे वहिनींचा व्यायाम बुडाला. तीन आठवडे त्या खिडकीशी बसून होत्या.

"कंट्रोलर काढून टाकू," सोनटक्के म्हणाला. "कंप्रेसर आपल्या हातानं चालवू."

आम्ही ते काम इमारतीच्या पार्किंगमध्ये केलं. सीटखालच्या बॅटरीला एक मोठा बंद-चालू स्विच बसवला आणि पहिल्या दिवशी सवयीने त्याला दोन्ही लाल कुलपं घातली. ती कुलपं निवृत्तीच्या दिवशी कंपनीत जमा करायची असतात. गेट पासशिवाय कंपनीचा खिळा बाहेर न नेणाऱ्या या माणसाने ती दोन कुलपं खिशात घालून आणली होती, माझंसुद्धा. येणारे-जाणारे हसायचे, की काका, एवढी कसली भीती? मी कंप्रेसरची वायर कंट्रोलरपासून तोडून नव्या रिलेवर घेतली, फ्यूज घातला, दाब फार वाढला तर कंप्रेसर आपोआप बंद होईल असा स्विच घातला, दाब दाखवणारं घड्याळ बसवलं. त्याने हवेच्या नळ्या आणि व्हॉल्व्ह घेतले. इथवर आमचं गोडीगुलाबीने चाललं. भांडण झालं ते बटणावरून.

माझं म्हणणं होतं, काठीच्या उंचीला एक सेन्सर लावू, गाडी तिथे आली की आपोआप थांबेल. त्याला हवं होतं क्रेनला असतं तसं लांब वायरचं लोंबतं बटण, जोवर बोट आहे तोवर चालू, बोट काढलं की बंद. मी म्हणालो, हा अडाणीपणा आहे. तो शांतपणे नळी कापत होता.

"तुझा सेन्सर सीट कुठं हाय ते सांगल," तो म्हणाला. "सुलभाचा पाय आज किती उचलायलाय, ते सांगल का?"

"मग कोण सांगणार?"

"तीच सांगल. बास म्हणली की मी बोट काढतो."

 सेन्सर मी खिशात घालून घरी नेला.

मग आम्ही एक घोडचूक केली, आणि ती कारखान्यातल्या माणसांनीच करावी अशी होती. कारखान्यात एक टेबल दोन सिलिंडरवर उचलायचं असेल तर एकाच नळीला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून दोघांना हवा देतात. दाब सारखा राहतो, टेबल सरळ उठतं. सोनटक्केने तसाच डाव्या-उजव्या फुग्यांना एकेक टी लावला. रिकाम्या गाडीची चाचणी घेतली, गाडी झकास वर-खाली झाली, आम्ही एकमेकांची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी वहिनींना पुढे बसवून निघालो, मी मागे. डांगे चौकात डावीकडे वळताना गाडीचा भार उजवीकडे गेला, उजव्या फुग्यातली हवा त्या टीमधून डाव्यात पळाली आणि गाडी उजवीकडे कलंडल्यासारखी झुकली. टेबल कधी वळत नाही, गाडी वळते, हे दोन अनुभवी माणसांच्या डोक्यातच आलं नव्हतं. वहिनी पट्ट्यासकट सोनटक्केच्या अंगावर सरकल्या. उजव्या हातात जोर नाही, सावरणार कशा? ओरडायला शब्द नाही. सोनटक्केने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं, पण स्टिअरिंग सोडलं नाही. वहिनींनी डाव्या हाताने त्याचा गाल थोपटला, बालवाडीतल्या पडलेल्या पोराला थोपटावं तसा. मी मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत बसलो, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना.

त्याने टी काढून टाकले. चारही फुग्यांना वेगळी नळी, वेगळा व्हॉल्व्ह. आठवडाभर तो एकटाच बसून जोडांवर साबणाचं पाणी शिंपडत होता. मग एका सकाळी वहिनी वॉकर धरून सीटकडे पाठ करून उभ्या राहिल्या, त्याने एका हाताने त्यांचा दंड धरला, दुसऱ्या हातात ते लोंबतं बटण. गाडी पोटावरून हळूहळू वर यायला लागली. सीटची कड त्यांच्या मांडीच्या मागे टेकली. त्यांचे ओठ हलायला लागले, शब्द येईना. सोनटक्के बोट उचलत होता, पुन्हा इवलंसं दाबत होता, आणि थांबत होता. कंप्रेसर तापेल म्हणून मी अस्वस्थ. "सोनटक्के, काढ बोट, बसली सीट," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता... आणि मग वहिनी मोठ्याने, अगदी स्वच्छ म्हणाल्या, "बास."

त्याने बोट काढलं. वहिनी नुसत्या मागे टेकल्या आणि बसल्या. ओढाताण नाही, काही नाही.

पुढची दोन वर्षं मी जे रविवार पाहिले, तसे माझ्या वाट्याला पूर्वी कधी आले नव्हते. आम्ही तिघं भाजीला जायचो. सोनटक्के गाडी मंडईच्या कडेला लावायचा, व्हॉल्व्ह सोडून ती खाली बसवायचा म्हणजे खिडकी बाईमाणसाच्या हाताशी यायची, आणि भाजीवाल्या मेथीची जुडी खिडकीतून आत द्यायच्या. वहिनी डाव्या हाताने ती उलटीपालटी करायच्या, नाकाशी न्यायच्या, आणि "हां" किंवा "नको". एक आजी तर टोपली घेऊन थेट गाडीशीच यायची आणि म्हणायची, "बाई, आज पालक घ्या, व्हय म्हणा नुसतं." घरी आल्यावर पुन्हा तेच, लोंबतं बटण, हळूहळू वर, बास. रात्रभरात एखाद्या फुग्यातली हवा किंचित उतरायची. मी म्हणायचो, बघ, ऑटोमॅटिक असतं तर आपणहून भरलं असतं. तो म्हणायचा, मग सकाळी मी काय करू? रोज सकाळी खाली जाऊन चारही कोपऱ्यांत हवा भरणं हे त्याचं काम झालं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटायचा. माझ्यावाचून खाली बसेल असं माझ्या घरात काही नव्हतं.

वहिनी हिवाळ्यात गेल्या. न्यूमोनियाचं निमित्त झालं, आठ दिवसांत सगळं आटोपलं. तेराव्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही चहा घेत होतो आणि मला ती शांतता सहन होईना. काहीतरी कामाचं बोलावं म्हणून मी म्हणालो, "आता त्या गाडीचं काय करणार? विकून टाक. म्हणत असशील तर मी तो सेन्सर शोधून पुन्हा ऑटोमॅटिक करून देतो, कुणीतरी घेईल." तो चहा प्याला. कप विसळून पालथा घातला. 

पुढच्या रविवारी मी आलो तेव्हा गाडी पार पोटावर बसवलेली होती. काचेतून आत पाहिलं. सीटशेजारच्या त्या स्विचला लाल कुलूप होतं आणि पाटी होती, 'माणूस काम करतोय, चालू करू नये'. नाव सोनटक्के, फोटो तरुणपणीचा. कडीला सहा भोकं, आणि कुलूप एकच.

मला ते फार लागलं. वर गेलो तेव्हा एवढंच विचारलं, "कसलं काम काढलंयस?" तो म्हणाला, "चालू हाय." बस. सव्वीस वर्षांत त्याचं कुलूप माझ्या कुलपाशिवाय लागलं नव्हतं, आणि आता माझं बोलणं आवडलं नाही म्हणून याने मला बाहेर ठेवून कुलूप ठोकलं, असं माझ्या डोक्याने घेतलं. माझं डोकं असंच आहे. मी पुढे वर्षभर दर रविवारी गेलो, केळी नेली, पेपर वाचले, त्याच्या हातची आमटी खाल्ली, पण गाडीचा विषय काढला नाही. त्यानेही काढला नाही. खाली उतरताना मी तिच्याकडे न बघता जायचो. शेवटच्या रविवारी तो मला सोडायला फाटकापर्यंत आला होता. "पुढच्या खेपेला जरा लवकर ये," म्हणाला. का, ते मी विचारलं नाही, आणि पुढच्या रविवारी लवकर निघालोही नाही.

तो गेल्यावर महिन्याभराने स्नेहलचा फोन आला. घर बंद करायचं होतं. गाडीचं वय झालेलं, कागद संपलेले, ती चिखलीकडच्या भंगारवाल्याला द्यायचं ठरलं होतं. "काका, ते लोक येतायत, पण ती हलतच नाहीये. बाबांनी आत काहीतरी कुलूप लावलंय, किल्ली सापडत नाही. तुम्ही याल का?" मी गेलो. टेम्पोवाला साखळी काढून तयार होता.

"काका, भंगारच हाय ना," तो म्हणाला. "साखळी लावतो न् वढतो. पाच मिनटाचं काम."

गाडी पोटावर बसली की टायर वरच्या पत्र्याला घासतात, चाक फिरत नाही. ती ओढली असती तर फरफटत गेली असती, त्याच्या चारही नळ्या, सगळे जोड फरशीवर रगडत. भंगारात जायची वस्तू उभी गेली काय आणि फरफटत गेली काय, हे मलाही कळतं. तरी मी त्याला थांबायला सांगितलं. गाडीची बॅटरी वर्षभरात उतरलेली, म्हणून थेरगावातूनच एक भरलेली बॅटरी आणवली. ती स्विचच्या पलीकडून थेट कंप्रेसरला जोडली असती तर कुलपाला हातही लावावा लागला नसता, दहा मिनिटांत गाडी उठली असती, आणि कुणी मला काही म्हणालं नसतं. वायर हातात घेतलीसुद्धा होती. पण एका कुलपाला असा वळसा मी आयुष्यात एकदा घातला आहे.

मी ड्रायव्हरच्या दाराशी उकिडवा बसलो आणि ते कुलूप पहिल्यांदा नीट पाहिलं. वर्षभर मी त्याचा अर्थ माझ्यापुरता लावत होतो. कुलपाचा अर्थ आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेला असतो, आणि तो एकच आहे. माणूस आत आहे. तो राग नसतो, अढी नसते. माणूस आत आहे आणि त्याला बाहेर यायला वेळ लागेल, एवढंच ते सांगतं. हे मला कळायला हवं होतं. मला कुणाला विचारायचीही गरज नव्हती, माझं कुलूप त्या पार्किंगमधल्या कामानंतर घरी ड्रॉवरमध्ये पडलेलं होतं, एका रविवारी आणून शेजारच्या भोकात घालायचं होतं, बस. त्याला एकट्याला आत ठेवून मी वर्षभर केळी नेत राहिलो. याचं वाईट वाटतं, आणि ते कमी होईल असं दिसत नाही.

गैरहजर माणसाचं कुलूप कापायची रीत कंपनीत ठरलेली आहे. तो आवारात नाही याची खात्री करायची. त्याला फोन लावायचा. ही पायरी मी गाळली. मग एका साक्षीदारासमोर कुलूप कापायचं. स्नेहलला जवळ उभं केलं, तिला सगळं समजावून सांगितलं. ती पाटीवरच्या फोटोकडे बघत होती. मी कटर लावला. कुलूप चांगल्या धातूचं होतं, मला दोनदा जोर करावा लागला. बॅटरी जोडली, लोंबतं बटण हातात घेतलं आणि एकेक कोपरा उचलला, त्याच्या क्रमाने, आधी मागचे, मग पुढचे, मध्ये कंप्रेसरला विसावा देत. दाबाच्या काट्याकडे बघून बोट काढलं. गाडी सरळ उभी राहिली. मी थोडा वेळ कान देऊन ऐकलं, कुठून हवा जात नव्हती. मग ती स्वतःच्या चाकांवर टेम्पोत चढली आणि गेली. स्नेहलने विचारलं, "काका, जेवून जाता?" मी नको म्हणालो.

कापलेलं कुलूप आणि पाटी माझ्याकडे आहे. त्या रीतीत एक शेवटची पायरी आहे, आणि तिला मात्र माफी नाही. ज्याचं कुलूप कापलं, तो परत कामावर हात घालण्याआधी त्याला समक्ष सांगायचं, की तुझं कुलूप काढलेलं आहे; म्हणजे तो त्या भरवशावर राहणार नाही. कुणी सांगायचं, हेही ठरलेलं असतं. ज्याने कापलं त्याने.

तर सोनटक्के, तुझं कुलूप मी कापलं. दुपारी बाराच्या सुमाराला, स्नेहलसमोर. कापण्याआधी चारही बाजूंनी वाकून बघितलं. आत कुणी नव्हतं.